झीरो बजेट शेतीला २४८१ कोटी कशाला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नैसर्गिक शेतीच्या, म्हणजे रासायनिक खतं-औषधं सोडून घरच्या शेण-गोमूत्रावर भागवायच्या शेतीच्या, सरकारी मिशनवर मी जेमतेम दोन पॅरेग्राफ लिहिले होते, आणि त्यात म्हटलं होतं की स्कीम वाचताना आधी पैसा कुणाच्या खात्यात पडतो ते बघा, शेण-गोमूत्राचं नंतर बघू. त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं सदर त्यातच जाणार. बऱ्याच जणांनी "नाव छापू नका" असं लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाहीये, नुसता जिल्हा टाकतोय.

"पाळेकर गुरुजी आमच्या भागातले. ते आयुष्यभर झीरो बजेट, झीरो बजेट सांगत आले. मग सरकारला त्यासाठी २४८१ कोटी कशाला लागतात? काही काळंबेरं आहे का?" – अमरावती

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो आणि मग लक्षात आलं की हा प्रश्न दिल्लीत कुणीतरी विचारायला पाहिजे होता.

सुभाष पाळेकर तुमच्या बेलोऱ्याचे, २०१६ला पद्मश्री मिळालं. त्यांचं झीरो बजेट म्हणजे मुख्य पिकाचा खर्च आंतरपिकातून निघावा आणि दुकानातून काही आणावं लागू नये, असा हिशोब. तो शेतकऱ्याच्या खिशाचा झाला, सरकारच्या तिजोरीचा नाही. आणि खिशाचाही अगदी शून्य नसतो हे तुम्हालाही माहितीये. जीवामृताचा, म्हणजे खताऐवजी जमिनीला सोडायच्या आंबवलेल्या द्रावणाचा, एक ड्रम घ्या. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेण घरचं, माती बांधावरची, पण गूळ आणि बेसन किराणा दुकानातूनच येतं ना. गूळ पन्नास आणि बेसन शंभर धरलं तरी ड्रमामागे तीनशे रुपये झाले, एकराला महिन्यातून दोनदा सोडायचं म्हटलं तर खरिपाच्या चार महिन्यांत आठ ड्रम, म्हणजे २४०० रुपये. त्यात रोज दोन वेळा काठीने ढवळायचं काम, जे बहुतेक घरांत बाईच करते आणि जे कुठल्याच हिशोबात येत नाही.

आता २४८१ कोटी. केंद्राच्या कॅबिनेटने २५ नोव्हेंबर २०२४ला राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, त्याची ही एकूण रक्कम, त्यात केंद्राचे १५८४ कोटी आणि राज्यांचे ८९७ कोटी. यातला मोठा भाग शेतकऱ्याला दोन वर्षं द्यायच्या प्रोत्साहनाचा, बाकी शिकवण्यावर. शिकवायला पैसा लागतो याचं कारण साधं आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ती फोडायची आणि फेकायची, शिकायचं काही नाही, सगळी अक्कल फॅक्टरीत वापरून झालेली असते. नैसर्गिक शेतीत ती अक्कल गावातल्या माणसाच्या डोक्यात उतरवावी लागते, त्याला दोन-तीन हंगाम जातात, आणि कुणीतरी बांधावर येत राहावं लागतं.

काळंबेरं शोधायचं तर मला ताटच छोटं वाटतं. रासायनिक खतांच्या सबसिडीला २०२५-२६च्या केंद्राच्या बजेटमध्ये सुमारे १.६७ लाख कोटी ठेवले होते. ३६५ने भागा, रोजचे ४६० कोटी येतात. म्हणजे या अख्ख्या मिशनचा पैसा, केंद्र आणि राज्यं मिळून, खत सबसिडीच्या साडेपाच दिवसांचा आहे.

हो, आणि एक सांगायलाच हवं की शास्त्रज्ञ सगळे या बाजूने नाहीत. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९मध्ये सरकारला सांगितलं होतं की झीरो बजेट पद्धत सिद्ध झालेली नाही, तिच्यावर पैसा घालवू नका. मला त्यांचा सूर जरा जास्तच तिखट वाटला होता, पण "आधी एकरी उत्पादन मोजा" हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोजमापाला पैसे काढून ठेवलेत का, हा कुठल्याही स्कीमला विचारायचा पहिला प्रश्न आहे.

"आमच्या गावात १२५ जणांचा गट झाला. एकरी चार हजार मिळणार असं मीटिंगमध्ये सांगितलं. माझे पाच एकर आहेत, वीस हजार धरू का? आणि हे पैसे येतात कुठल्या वाटेने?" – बुलडाणा

वीस नका धरू दादा, चारच धरा. एका शेतकऱ्याला एका एकरापुरतंच आहे, वर्षाला ४००० आणि तेही दोन वर्षं. तुमच्या पाचपैकी एका एकरावर सुरू करा, उरलेल्या चारांवर काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. हे मला मुळात पटतं, कारण एकदम सगळी जमीन फिरवायला लावली की काय होतं ते श्रीलंकेत २०२१ला दिसलं, एप्रिलमध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आणि नोव्हेंबरात माघार.

आता वाट. ही केंद्र पुरस्कृत योजना आहे, म्हणजे आपल्यासारख्या राज्याला ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. राज्य आपला वार्षिक आराखडा पाठवतं, दिल्ली मंजूर करते, केंद्राचा हप्ता राज्याच्या ट्रेझरीत येतो, मग राज्य आपला वाटा घालून तो एका ठरलेल्या बँक खात्यात टाकतं. त्याला एसएनए म्हणतात, एका योजनेला एका राज्यात एकच खातं. २०२१पासून हे आलं, त्याआधी पैसा जिल्ह्याजिल्ह्याच्या खात्यांत वर्षानुवर्षं पडून असायचा आणि व्याज कुणाचं यावरून पत्रापत्री चालायची, त्यामुळे सुधारणा चांगलीच आहे. पण तिला एक शेपूट आहे. केंद्र एका वेळी साधारण २५ टक्केच सोडतं आणि आधीचा ७५ टक्के खर्च झाल्याचं दिसल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. म्हणजे वरचा नळ चालू व्हायला खालची बादली रिकामी दाखवावी लागते, आणि बादली अख्ख्या राज्याची एकच. तुमच्या तालुक्याने सगळं वेळेत केलं आणि दुसऱ्या चार जिल्ह्यांनी खर्चच टाकला नाही तर हप्ता तुमचाही थांबतो. त्यात राज्याचा ४० टक्के वाटा उशिरा आला की झालंच. शेवटच्या टप्प्यात पैसा थेट तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात, त्यामुळे सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकवरचं नाव एकच आहे ना ते आत्ताच बघून घ्या. निम्मी गाडी इथेच अडते हा माझा अनुभव, "भाऊराव" आणि "भाऊ" यातल्या फरकावरून एका ओळखीच्या माणसाचे दोन योजनांचे पैसे परत गेलेले मी बघितलेत, ऑफिसचं नाव कशाला घेऊ.

आणखी एक गंमत. प्रोत्साहन दोन वर्षांचं, पण मिशनची मंजुरी होती २०२५-२६ अखेरपर्यंत, कारण पंधराव्या वित्त आयोगाची मुदत तिथे संपते. २५ नोव्हेंबर २०२४ ते ३१ मार्च २०२६, मोजा, सोळा महिने. सोळा महिन्यांच्या स्कीममध्ये चोवीस महिन्यांचं आश्वासन. हे लिहिणाऱ्यांना दिसलं नसेल असं नाही, मुदतवाढ मिळेल असं धरूनच लिहितात, पण शेतकऱ्याला मीटिंगमध्ये सांगताना हा "धरून" शब्द कुणी उच्चारत नाही.

"पेपरात एक कोटी शेतकरी वाचलं. इतके शेतकरी खरंच नैसर्गिक शेती करणार आहेत का? मी शेतीतला नाही, आयटीत आहे, पण आकडे बघायची सवय आहे." – पुणे

मग तुम्हाला मजा येईल. मिशनमध्ये १५,००० क्लस्टर आहेत, म्हणजे वरच्या बुलडाण्याच्या पत्रातल्यासारखे गट, प्रत्येक क्लस्टर ५० हेक्टरचं, म्हणजे ७.५ लाख हेक्टर. प्रत्येकात १२५ शेतकरी, म्हणजे १८.७५ लाख. ७.५ लाख हेक्टर म्हणजे साधारण १८.७५ लाख एकर, म्हणून माणशी एक एकर. गणित एकदम चोख बसतं. मग एक कोटी कुठून आले? ते आहेत "पोहोचणार" ते. मेळावा बघितला, मॉडेल फार्मवर चक्कर मारली, शेजाऱ्याकडून ऐकलं, हे सगळे धरून. बातमीत मात्र दोन्ही आकडे एकाच वाक्यात येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं एक कोटी लोकांनी युरिया सोडला.

हा एक कोटीचा आकडा नवीनही नाही बरं का. फेब्रुवारी २०२३च्या बजेट भाषणात "येत्या तीन वर्षांत एक कोटी शेतकरी" होतं, जुलै २०२४च्या भाषणात "येत्या दोन वर्षांत एक कोटी". शेतकरी तेवढेच, घड्याळ मात्र पुन्हा लावलं. मधल्या काळात काय झालं ते बजेटच्या कागदांत दिसतं, २०२३-२४ला ४५९ कोटी ठेवले आणि सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष संपत आल्यावर पुन्हा मांडलेल्या आकड्यात, ते १०० कोटी झाले, २०२४-२५ला ३६५ कोटी ठेवले आणि पुन्हा १०० कोटी झाले. २०२५-२६ला ६१६ कोटी ठेवले. मिशन मंजूर झालं त्या वर्षाचे १०० आणि पुढचे ६१६ मिळवा, ७१६ कोटी होतात, आणि केंद्राचा कबूल केलेला वाटा १५८४. म्हणजे सगळाच्या सगळा खर्च झाला असं धरलं तरी निम्म्याच्या आतच. याच्याआधीची जी भारतीय प्राकृतिक कृषी पद्धती नावाची उपयोजना होती, तिच्यात हेक्टरी १२,२०० रुपये तीन वर्षांसाठी द्यायचे ठरले होते, आठ राज्यांत ४.०९ लाख हेक्टर मंजूर झालं आणि सोडलेला निधी ५० कोटीच्या आतबाहेर. भागून बघा, हेक्टरी बाराशे. एक शून्य कुठेतरी गळालं.

तुमच्यासारख्यांना एकच सांगतो, हेडलाईन वाचू नका, पुढच्या फेब्रुवारीतला सुधारित अंदाजाचा कॉलम वाचा.

"मी उमेदच्या बचत गटातून कृषी सखी झाले. ट्रेनिंग चांगलं झालं. पण मला कुणी विचारायचं आणि मी कुणाला सांगायचं तेच कळेना. एक साहेब मोबाईलवर फोटो टाका म्हणतात, दुसरे रजिस्टर भरा म्हणतात. बायका मला विचारतात की तुला पगार आहे का, मी काय सांगू?" – यवतमाळ

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या सगळ्या २४८१ कोटींत खरं काम करणारा माणूस कोण असं मला विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवीन. बांधावर जाऊन शिकवायला क्लस्टरमागे दोन सखी, देशभर ३०,०००. एकेकीच्या वाट्याला बासष्ट-त्रेसष्ट शेतकरी. हे जमण्यासारखं आहे, जर बाकीची कामं गळ्यात मारली नाहीत तर.

दोन साहेब का? कारण तुम्ही दोन मंत्रालयांच्या मधे उभ्या आहात. उमेद आणि तिचे बचत गट ग्रामविकासचे, नैसर्गिक शेती कृषीची, आणि २०२३ साली या दोन मंत्रालयांनी करार केला की गटातल्या बायकांना ट्रेनिंग देऊन कृषी सखी करायचं. कागदावर छान आहे, पण गावात त्याचा अर्थ होतो दोन व्हॉट्सॲप ग्रुप, दोन रजिस्टर आणि मानधनासाठी दोन दारं. मानधन कुठल्या खात्यातून, कुठल्या तारखेला, किती दिवसांच्या कामाचं, हे लेखी मागून घ्या, तोंडी नको. मागायला लाजू नका, साहेबांना त्यांचा पगार कुठल्या हेडमधून निघतो ते पाठ असतं.

एक बघितलेलं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका गावात गेलो होतो, तिथे जैव निविष्ठा केंद्राचा बोर्ड छान रंगवलेला, बीआरसी म्हणतात त्याला, जीवामृतासारख्या गोष्टी गावातच बनवून विकायची जागा, एका केंद्राला एक लाख रुपये दोन हप्त्यांत मिळतात, देशभरात अशी १०,००० करायचीत. आत बघितलं तर ड्रमच नाहीत. विचारलं तर कळलं की शेजारी स्लॅब पडला होता आणि निळे ड्रम क्युरिंगच्या पाण्याला नेले होते, परत आणून देतील म्हणाले. दुसरा हप्ता आला नव्हता आणि पहिल्या हप्त्यात शेड, ड्रम, गाळणी एवढंच झालं. गूळ-बेसनाला भांडवल कुणी द्यायचं, बनवलेलं जीवामृत विकलं गेलं नाही तर तोटा कुणाचा, हे ठरलेलंच नव्हतं. तरी त्याच गावातली सखी स्वतःच्या परसात बादलीत दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा कीड मारायचा अर्क, करून चार बायकांना वाटत होती. केंद्र बंद आणि सखी चालू, असं चित्र होतं. माझ्या हातात असतं तर बोर्डाचे पैसे काढून तिच्या मानधनात टाकले असते.

बायका पगाराचं विचारतात तेव्हा खरं ते सांगा, पगार नाही, मानधन आहे. लपवलं की दुसरीच चर्चा होते.

"आंध्रचं मॉडेल जगात गाजलं म्हणतात. ते महाराष्ट्राने तसंच का उचलू नये? प्रोजेक्टसाठी हवंय, जरा डिटेलमध्ये सांगाल का सर?" – परभणी, कृषीचा विद्यार्थी

सांगतो, पण प्रोजेक्टमध्ये माझी वाक्यं जशीच्या तशी चिकटवू नकोस.

आंध्रमध्ये हे काम कृषी खातं थेट करत नाही. रयतू साधिकार संस्था नावाची राज्य सरकारच्या मालकीची ना-नफा कंपनी आहे, ती करते. ही कंपनी २०१४ला जन्मली ती नैसर्गिक शेतीसाठी नव्हे, कर्जमाफी राबवायला. नैसर्गिक शेतीचं काम तिच्याकडे आलं २०१५-१६च्या सुमारास. चालवणारे टी. विजयकुमार, निवृत्त आयएएस, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण याच माणसाने आधी आंध्रमध्ये बायकांच्या बचत गटांचं राज्यभरचं जाळं उभं करण्यात वर्षं घातली होती. म्हणजे नैसर्गिक शेती आली तेव्हा गावोगावी बायकांची ग्रामसंघटना तयार होती, खातं तयार होतं, ठराव लिहायची सवय तयार होती. लोक मॉडेल म्हणून जीवामृत उचलतात, मुळात उचलायची गोष्ट ती होती.

पैसा कुठून आला? सुरुवातीला केंद्राच्याच दोन योजनांतून, राष्ट्रीय कृषी विकास योजना आणि परंपरागत कृषी विकास योजना. मग अझीम प्रेमजी फिलांथ्रॉपिक इनिशिएटिव्हजने साधारण १०० कोटींचा आधार दिला, तो तज्ज्ञ माणसं आणि ट्रेनिंग यासाठी. आणि मग जून २०१८मध्ये मोठी घोषणा झाली. चंद्राबाबू नायडू, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, बीएनपी पारिबा बँक असे सगळे एकत्र, २०२४पर्यंत ६० लाख शेतकरी, ८० लाख हेक्टर, गरज २.३ अब्ज डॉलरची. भागाकार केलास तर शेतकऱ्यामागे साधारण ३८० डॉलर, तेव्हाच्या दराने पंचवीस-सव्वीस हजार रुपये. आपल्या राष्ट्रीय मिशनचा असाच भागाकार कर, १८.७५ लाख शेतकरी धरले तर माणशी १३,२०० आणि एक कोटी धरले तर २४८१ रुपये. आंध्रवाले अवाजवी मागत होते असं मला वाटत नाही, एका कुटुंबाला पाच-सहा वर्षं हाताशी धरायचं तर तेवढं लागतंच. पण प्रत्यक्षात मोठं परदेशी कर्ज आलं ते जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं, ९ कोटी युरोंचं, म्हणजे मूळ आकड्याच्या पासंगाला पुरेल एवढंच.

कर्जाबद्दल जरा थांबतो. धरण बांधायला कर्ज घेतलं तर धरण तरी दिसतं. इथे कर्ज घेऊन माणसं शिकवायची, आणि फेडायचं राज्याच्या तिजोरीतून. मला हे चूक वाटत नाही, पण मग विधानसभेला त्याचा हिशोब दरवर्षी दिसला पाहिजे, आणि कंपनीच्या रचनेत नेमकी तिथेच मेख असते. खात्याच्या खर्चावर तारांकित प्रश्न येतो, कंपनीच्या बोर्डात काय ठरलं ते आमदाराला सहज कळत नाही. दुसरं म्हणजे कार्यक्रमाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला पैसे कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीनेच दिले तर अभ्यास कितीही प्रामाणिक असला तरी शंकेला जागा राहते.

फायदा काय? योजना टिकली ना. २०१९ला आंध्रमध्ये सरकार बदललं, २०२४ला पुन्हा बदललं, आणि आपल्याकडे जसं सरकार बदललं की आधी योजनेचं नाव, मग बोर्डाचा रंग आणि शेवटी योजनाच बदलते तसं झालं नाही. नाव बदललं तेही वेगळ्या कारणाने, झीरो बजेट जाऊन "समूह व्यवस्थापित नैसर्गिक शेती" आलं. पाळेकर २०१७ला त्या सरकारचे सल्लागार होते, पुढे त्यांची वाट वेगळी आणि आंध्रची वेगळी झाली. २०२४ला या कार्यक्रमाला पोर्तुगालचा गुलबेन्कियन पुरस्कार मिळाला, दहा लाख युरोंचा, तिघांत वाटून, शास्त्रज्ञ रतन लाल आणि इजिप्तची सेकेम ही संस्था यांच्याबरोबर. तेव्हा दिलेला आकडा होता दहा लाखांवर शेतकरी आणि ५ लाख हेक्टर. म्हणजे माणशी अर्धा हेक्टर. २०१८ला ६० लाख म्हटलं नसतं तर आज दहा लाखांवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, घोषणेनेच कामाला नापास केलं.

तसंच उचलायचं का? कंपनी तर एका जीआरने काढता येईल, अवघड काही नाही. आपल्याकडे उमेदचे ग्रामसंघ आहेत, त्यांच्या हातात गावचा शेतीचा पैसा द्यायची तयारी आहे का, हे विचार. माझं मत विचारशील तर कृषी खात्यात ती तयारी मला दिसत नाही, आणि ग्रामविकासमध्ये शेतीचं ज्ञान दिसत नाही. प्रोजेक्टमध्ये हे सौम्य करून लिही.

"महाराष्ट्रात आधीच पंजाबराव देशमुख मिशन आहे ना? मग हे दुसरं कशाला?" – अकोला

आहे, आणि तुमच्याच अकोल्यातून चालतं. सुरुवात झाली विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती, जैविक शेती मिशन म्हणून. मार्च २०२३च्या राज्याच्या बजेटमध्ये त्याची व्याप्ती वाढवायचं जाहीर झालं, तीन वर्षांत २५ लाख हेक्टर, १००० जैव निविष्ठा केंद्रं आणि १००० कोटी. आता पुन्हा भागाकार, सवयच लागलीये. एका महाराष्ट्राचं टार्गेट २५ लाख हेक्टर आणि अख्ख्या देशाच्या मिशनचं ७.५ लाख हेक्टर. आपलं हेक्टरी ४००० रुपये, देशाचं हेक्टरी ३३,०००च्या वर. दोन्ही एकाच कामाचे आकडे असतील तर कुणीतरी एक चुकतोय. माझा अंदाज असा की आपल्या २५ लाखांत सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, जे जे आधीपासून कुठल्याही योजनेत आहे ते सगळंच मोजायचं असणार, आणि तसं मोजलं की एकाच शेतकऱ्याचा एकच एकर तीन रजिस्टरांत बसतो. तुमच्या गावात तपासून बघा, सोपं आहे.

"गुजरातेत गायीला महिन्याला पैसे देतात, डांग जिल्हा पूर्ण नैसर्गिक झाला. आपल्याकडे का नाही?" – सिंधुदुर्ग

देतात, नैसर्गिक शेती करणाऱ्याला एका देशी गायीमागे महिना ९०० रुपये. डांग २०२१ला जाहीर झाला, पण डांगच्या आदिवासी शेतकऱ्याने आधीही फार खत टाकलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे सोडायचं काय हा प्रश्नच लहान होता. ऊस-केळीच्या पट्ट्यात जाहीर करून दाखवा मग बोलू. आचार्य देवव्रत हे आधी हिमाचल आणि मग गुजरातचे राज्यपाल, आणि दोन्हीकडे या विषयाने जोर धरला तो त्यांच्यामुळे. सप्टेंबर २०२५ला महाराष्ट्राचाही अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला, तेव्हा राजभवनातही जीवामृताचा विषय निघाला असेल तर नवल नाही. पण राज्यपालांच्या आवडीवर चालणाऱ्या कामाला बजेटमध्ये पक्का हेड लागतो, नाहीतर माणूस बदलला की फाईल खाली जाते.

"अनुदान नको, भाव द्या. एवढं छापा." – नाशिक

छापलं. हिमाचलने तुमचं ऐकलंय असं समजा. तिथे नैसर्गिक शेतीतला मका आधी ३० रुपये किलोने सरकारने घेतला, मग मक्याला ४० आणि गव्हाला ६० केले. खरेदी अजून छोटी आहे, पण पैसा माल तयार झाल्यावर जातो, फोटो अपलोड झाल्यावर नाही.

"युरिया कमी वापरला तर सरकारचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे आम्हाला का नाही?" – सांगली

पीएम-प्रणाम नावाची योजना जून २०२३मध्ये मंजूर झाली, तिच्यात राज्याने रासायनिक खताचा वापर कमी केला तर वाचलेल्या सबसिडीतला निम्मा वाटा राज्याला अनुदान म्हणून. राज्याला, तुम्हाला नाही. कल्पना मला आवडते, फक्त ती दोन पायऱ्या वरच थांबते. तुमच्या गावच्या सोसायटीत गेल्या वर्षी किती गोण्या उठल्या आणि यंदा किती, हे खत विकताना नोंद होते त्या पॉस मशीनमध्ये असतंच, त्यावरून गावाला पैसे द्यायला तांत्रिक अडचण काय आहे ते मला कुणी समजावलं नाहीये.

"ग्रामसभेत उभं राहून नेमकं काय विचारायचं? आम्ही विचारलं की योजना वरून आली असं सांगतात." – हिंगोली

वरून आली असली तरी उतरली तुमच्याच गावात ना. १२५ जणांची यादी वाचून दाखवा म्हणा, नावासमोर जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र हवं, यादी ऐकताच कळतं कोण पुण्यात राहतो आणि कोण वारलाय. सखीचं शेवटचं मानधन कुठल्या महिन्याचं झालं ते विचारा, तिच्यासमोर विचारा पण तिला उभं करून नको, बिचारीची पंचाईत होते. बीआरसीचा एक हप्ता आला की दोन, आणि बिलं कुठे आहेत. तालुक्याला आत्माची, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेची, शेतकरी सल्लागार समिती असते, तुमच्या तालुक्यातून तिच्यात कोण शेतकरी आहेत आणि शेवटची मीटिंग कधी झाली, त्याचं इतिवृत्त मागा. जिल्ह्याला आत्माच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टर असतात, तिथे अर्ज करताना तालुक्याच्या अर्जाची पोच जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, शिक्का नसेल तर सही आणि तारीख तरी घ्या, आणि घरी आल्यावर त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण पावसाळ्यात ते कागद राहत नाहीत.

(पुढच्या अंकात पीजीएस सर्टिफिकेटचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानेच एकमेकांची शेती तपासून द्यायच्या प्रमाणपत्राचे, प्रश्न घेतोय. ज्यांनी ते आधीच पाठवलेत त्यांनी पुन्हा पाठवू नका, माझ्याकडे आहेत.)